आत काय आहे?

प्रति,
ज्यांच्या गोदामात, कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत ज्वालाग्राही आणि घातक रसायनं साठवली जातात ते सर्व मालक, संचालक आणि प्लँट व्यवस्थापक यांस

विषय : साठ्याची मर्यादा आणि माल नाकारण्याचा अधिकार

स. न. वि. वि.

मी स्टोअरकीपर होतो. सव्वीस वर्षं रसायनांच्या खोलीची चावी माझ्याकडे होती. आता निवृत्त आहे, त्यामुळे कोणाच्या मर्जीची भीती नाही. म्हणून हे पत्र.

आमच्या शेडला आग लागली ती रात्री दोनच्या सुमाराला. मी धावत फाटकापाशी पोचलो तेव्हा बंब आधीच आलेला होता. पॅकिंगचे पुठ्ठे जळत होते, रसायनांच्या खोलीपर्यंत आग गेलेली नव्हती. अग्निशामक दलाचा अधिकारी हेल्मेटचा पट्टा आवळत वॉचमनला एकच गोष्ट विचारत होता, "आत काय आहे?"

"केमिकल आहे, साहेब."

"कुठलं?"

"ते स्टोअरवाल्यांना माहीत."

स्टोअरवाला मी. मी सांगितलं : थिनर, ॲसिटोन, थोडं ॲसिड, बाकी किरकोळ. रजिस्टर कुठे आहे, त्याने विचारलं. रजिस्टर आतल्या केबिनमध्ये, टेबलाच्या खणात, कुलपात. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जवानांना आत जाऊ दिलं नाही. पहाटेपर्यंत ते बाहेरूनच भिंतींवर पाणी मारत राहिले. आमच्यातले काही जण तेव्हा त्याला भित्रा म्हणाले.

सकाळी खोली उघडली. थिनरच्या पिंपांना खेटून आठ कॅन उभे होते. त्यात पन्नास टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड. एका कॅनचं पोट फुगून टम्म झालेलं. पेरॉक्साइड स्वतः जळत नाही, पण तापलं की विघटन होऊन ऑक्सिजन सोडतं, आणि शेजारी थिनर असेल तर त्या आगीला मग बाहेरच्या हवेची गरज उरत नाही. रजिस्टरमध्ये या आठ कॅनची नोंद 'इतर' या सदरात होती. अक्षर माझं होतं. रात्री मी ज्याला किरकोळ म्हणालो, ते हेच.

त्या रात्री कोणी मेलं नाही, याचं श्रेय त्या अधिकाऱ्याच्या संशयी स्वभावाला. सगळीकडे असं होत नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात वेस्ट नावाचं छोटं गाव आहे. १७ एप्रिल २०१३ ला तिथल्या खताच्या गोदामाला आग लागली आणि लाकडी कप्प्यांत भरलेल्या अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. १५ माणसं गेली, त्यातली १२ आग विझवायला आणि मदतीला धावलेली. चीनमध्ये त्यानजिन बंदरात १२ ऑगस्ट २०१५ ला नायट्रोसेल्युलोज पेटलं. हा पदार्थ ओलसर ठेवावा लागतो. तिथे तो सुकला, आपोआप तापत गेला, आणि आग शेजारच्या अमोनियम नायट्रेटपर्यंत पोचली. मृत आणि बेपत्ता मिळून १७३. त्यात निम्म्याहून जास्त अग्निशामक. त्याच आवारात परवानगीपेक्षा कितीतरी जास्त सोडियम सायनाइड ठेवलेलं होतं. लेबनॉनच्या बैरूतमध्ये ४ ऑगस्ट २०२० ला बंदरातल्या १२ नंबरच्या गोदामात आग लागल्याचा निरोप आला म्हणून दहा जणांची तुकडी गेली, आणि दहाही जण परत आले नाहीत. आत सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेट २०१४ पासून पडून होतं. बांगलादेशात सीताकुंडच्या कंटेनर डेपोत जून २०२२ मध्ये माझ्या ओळखीचाच पदार्थ होता, हायड्रोजन पेरॉक्साइड. तिथेही आग विझवता विझवता जवान मेले.

या चारही ठिकाणी सरकारी कागद, परवाने, पत्रव्यवहार काही ना काही होतंच. बैरूतच्या साठ्याबद्दल तर वर्षानुवर्षं पत्रं लिहिली जात होती. कमी होतं ते फाटकावरच्या प्रश्नाचं उत्तर.

तुमच्यापैकी बरेच जण फायर कोड, म्हणजे अग्निसुरक्षेची संहिता, म्हटलं की लाल सिलिंडर, बाणांच्या पाट्या आणि वर्षातून एकदाची मॉक ड्रिल एवढंच डोळ्यांसमोर आणतात. ते आग लागल्यानंतरचं. घातक पदार्थांबद्दल संहिता बोलते ती मुख्यतः आग लागण्याच्या आधीबद्दल, आणि तिचे प्रश्न साधे आहेत : काय ठेवलंय, किती ठेवलंय, कशाच्या शेजारी ठेवलंय. तुमच्याकडे जो नियम लागू असेल तो काढून वाचा. मी इथे इंटरनॅशनल फायर कोड आणि एनएफपीए या अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेच्या संहितांमधले आकडे देतो, कारण ते स्पष्ट आहेत आणि त्यामागचा हिशेब समजला की कुठलाही नियम समजतो.

'किती'पासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त पळवाटा तिथेच आहेत. संहिता इमारतीचे आगरोधक भिंतींनी वेगळे केलेले भाग पाडते, त्यांना कंट्रोल एरिया म्हणतात, आणि प्रत्येक भागात प्रत्येक जातीच्या पदार्थाची कमाल मात्रा ठरवून देते. तळमजल्यावर असे चार भाग चालतात आणि प्रत्येकात पूर्ण मात्रा ठेवता येते. पहिल्या मजल्यावर तीन भाग आणि ७५ टक्के. दुसऱ्यावर दोन भाग आणि ५० टक्के. त्याच्या वर एकदम साडेबारा टक्क्यांवर घसरण, आणि तळमजला धरून सहा मजले ओलांडले की ५ टक्के. वर चढत जाताना आकडा इतका कोसळतो कारण वरच्या मजल्यावर नळी न्यायला जिना चढावा लागतो आणि माणसांना खाली यायलाही तोच जिना असतो. बऱ्याच पदार्थांसाठी स्प्रिंकलर असतील तर मात्रा दुप्पट करता येते, मान्यताप्राप्त कपाटात ठेवलं तर आणखी दुप्पट. म्हणजे संहिता अडवायलाच बसलेली नाही. सोय करा आणि जास्त ठेवा, असंच ती सांगते. मात्रा ओलांडायचीच असेल तर इमारतच घातक साठ्यासाठी बांधलेल्या वर्गात गेली पाहिजे. तिथे भिंती, दारं, वायुवीजन, गळती अडवायची सोय, सगळंच वेगळं.

प्रत्यक्षात काय होतं ते मी पाहिलंय. खोलीत बरोबर मर्यादेइतकी पिंपं आणि पॅसेजमध्ये सहा. "ती आजच आलीत, उद्या लाइनवर जाणार." उद्या लाइन बंद असते. परवा तपासणी असते, तेव्हा ती पिंपं टेम्पोत चढतात आणि टेम्पो मागच्या गल्लीत उभा राहतो, भर उन्हात. चार दिवसांनी ती पॅसेजमध्ये परत. कागदोपत्री साठा मर्यादेत. आग कागद वाचत बसत नाही, तिला पॅसेजमधली सहा पिंपं सापडतात, आणि माणसांची बाहेर पडायची वाटही त्याच पॅसेजमधून असते.

आता 'शेजारी'. मला पहिल्या नोकरीत एका वरिष्ठाने मोठ्या कौतुकाने मांडणी शिकवली होती : अक्षरक्रमाने लावा, शोधायला सोपं जातं. ॲसिटिक ॲसिड, ॲसिटोन, अमोनियम नायट्रेट. एकाच फळीवर आम्ल, ज्वालाग्राही द्रव, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून ऑक्सिडायझर, म्हणजे आगीला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ. अशी फळी मी पुढे अनेक ठिकाणी पाहिली, प्रयोगशाळांमध्ये तर सर्रास. पोटॅशियम परमँगनेटच्या पुडीवर ग्लिसरीनची बाटली उलटली तर काडीची गरज नसते, थोड्या वेळात आपोआप जाळ होतो. दोन्ही बाटल्या एकट्या असताना अगदी निरुपद्रवी दिसतात. म्हणून संहिता सांगते की न जुळणारे पदार्थ २० फूट लांब ठेवा. तेवढी जागा नसेल तर मध्ये न जळणारा आडोसा घाला, आणि तो मालाच्या वर आणि दोन्ही बाजूंना १८ इंच पुढे आलेला हवा. नाहीतर वेगवेगळी कपाटं. अगदी लहान डबे, दोन किलो किंवा दोन लिटरच्या आतले, त्यातून वगळले आहेत. गॅस सिलिंडरांचंही तसंच : ऑक्सिजन आणि जळणारा वायू यांत २० फूट, किंवा पाच फूट उंचीची, अर्धा तास आग सोसणारी भिंत.

काय कशाशी जुळत नाही हे लक्षात ठेवायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. प्रत्येक मालाबरोबर येणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकात, म्हणजे एमएसडीएसमध्ये, ज्याला आता एसडीएस म्हणतात, सोळा विभाग असतात. सातवा साठवणुकीचा, दहावा कशाबरोबर बिघडतं त्याचा, पाचवा आग लागली तर काय मारायचं त्याचा. हे तीन विभाग वाचले तरी पुरे. माझ्या अनुभवात ते कागद खरेदी विभागाच्या फाइलमध्ये जातात, आणि स्टोअरला मिळतं फक्त चलन.

द्रव ओतण्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण रोजचा धोका तिथे आहे. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ जमते ते. ॲसिटोनचा उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास, पेट्रोलचा उणे ४०च्या आसपास. म्हणजे कुठल्याही खोलीत, कुठल्याही ऋतूत, झाकण उघडलं की वर पेटणारी वाफ तयारच. एनएफपीए ३० या संहितेत ज्वालाग्राही द्रवाची रेघ ३७.८ अंशांवर आखलेली आहे, त्यावरचे द्रव जरा सौम्य गटात. पण पत्र्याच्या छताखाली उन्हाळी दुपारी खोली चाळीस अंशांवर गेली की त्या सौम्य गटातले काही द्रवही थिनरसारखे वागू लागतात. लेबल दुपारी बदलत नाही.

ही वाफ हवेपेक्षा जड असते, ॲसिटोनची तर साधारण दुप्पट. ती वर जात नाही, जमिनीवर पसरते, दाराखालच्या फटीतून सरकते, आणि दहा पावलांवर कोणी वेल्डिंग करत असेल तिथपर्यंत पोचते. म्हणून अशा खोलीतली हवा जमिनीपासून एक फुटाच्या आतून ओढून घ्या, असं संहिता म्हणते. मी पाहिलेल्या बहुतेक खोल्यांत एक्झॉस्ट पंखा छताजवळ होता. वास कमी होतो म्हणून सगळे खूश, आणि वाफ घोट्याएवढ्या उंचीवर जिथल्या तिथे.

पिंपातून कॅनमध्ये द्रव पडताना स्थिर विजेचा भार साठतो. त्याला वाट करून द्यायला पिंप आणि कॅन एका तारेने जोडायचे आणि पिंपाला अर्थिंग द्यायचं. तार असते, अर्थिंगची पट्टीही असते. फक्त चिमटा लावलेला असतो पिंपाच्या जाड रंगावर. रंग म्हणजे विजेच्या वाटेत पडदा. चिमट्याचे दात रंग खरवडून पत्र्याला भिडले पाहिजेत. हे मला कोणी शिकवलं नाही, मीटर लावून पाहिलं तेव्हा कळलं. तेव्हापासून रोज सकाळी मी सगळ्यात आधी चिमटा हलवून बघायचो. लोक हसायचे.

पिवळी सेफ्टी कपाटं तुमच्याकडे असतील. चांगली गोष्ट आहे. दुहेरी पत्रा, मध्ये दीड इंच पोकळी, खाली दोन इंचांचा उंबरा, म्हणजे आतली बाटली फुटली तर द्रव आतच राहावा. त्या दाराला वीट लावून ते उघडं ठेवलं असेल तर मात्र तुम्ही महागडं फडताळ विकत घेतलंय. रिकाम्या पिंपांबद्दल एवढंच : ती रिकामी नसतात. तळाला उरलेल्या चमचाभर द्रवाची वाफ सगळ्या पिंपात भरलेली असते, आणि कापायला किंवा झाळायला घेतलं की ते पिंप बॉम्ब होतं. वेल्डिंगच्या परमिटमध्ये ३५ फुटांच्या आतलं सगळं जळाऊ हलवायचं असतं, आणि काम संपल्यावर एक माणूस किमान तासभर तिथे लक्ष ठेवून बसवायचा असतो. तो तास सहसा जेवणाच्या सुट्टीत जातो.

पाण्याची गोष्ट वेगळी आहे. आग विझवायला मारलेलं पाणी जातं कुठे, हे बहुतेकांना सुचतच नाही. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ रसायनांचं गोदाम जळलं. आग विझली, पण पाण्याबरोबर कीटकनाशकं ऱ्हाईन नदीत गेली. नदी लाल झाली, आणि खाली कित्येक मैलांपर्यंत वाम मासे मरून पडले. म्हणून संहिता सांगते की गळती अडवायची जागा सगळ्यात मोठ्या भांड्याएवढीच धरू नका, त्यात २० मिनिटं स्प्रिंकलरचं पाणी पडेल तेही मावलं पाहिजे. तुमच्या बंडचा, म्हणजे गळती अडवणाऱ्या बांधाचा, आकार कोणी मोजलाय का ते विचारा. आणि पावसाचं साठलेलं पाणी सोडायला उघडलेला बंडचा व्हॉल्व्ह नंतर बंद केलाय का, तेही. आमच्याकडे तो एकदा दोन महिने उघडा होता. उलट, सोडियम किंवा कॅल्शियम कार्बाइड असेल तर पाणी हाच शत्रू. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन तयार होतं. फाटकावरचा जवान हातात नळी घेऊन उभा असतो, तेव्हा त्याला हे आधी कळायला हवं.

त्यासाठी दारावर तो चौकोनी हिरा लावायचा असतो, एनएफपीए ७०४. निळा आरोग्याचा, लाल पेटण्याचा, पिवळा अस्थिरतेचा, ० ते ४ आकडे. पांढऱ्या कप्प्यात आडवी रेघ मारलेला डब्ल्यू असेल तर पाणी मारू नका. ओएक्स असेल तर आत ऑक्सिडायझर आहे. पण हिरा सांगतो ते ढोबळ. त्यामागे यादी लागते : कोणता पदार्थ, यूएन क्रमांक (घातक मालाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), आज किती, कुठल्या कोपऱ्यात. ही यादी आणि खोलीचा नकाशा फाटकापाशी, पाण्यापासून बंद पेटीत, वॉचमनच्या हाताला येईल असा. दर शिफ्टला बदललेला. आणि 'इतर' हे सदर कायमचं काढून टाका.

आता माझी खरी मागणी. वरची प्रत्येक गोष्ट, मात्रा, अंतर, यादी, सगळं एका क्षणी बिघडतं : माल उतरवताना. खरेदी विभागाला दहा पिंपांवर सूट मिळते, म्हणून दहा येतात, जागा सहाची असते. स्टोअरकीपर काय करणार? ट्रक दारात उभा, ड्रायव्हर घाईत, प्रॉडक्शनचा फोन, आणि त्याच्या हातात सही करायला चलन. नाही म्हणायचा अधिकार त्याला कुठल्याच कागदाने दिलेला नसतो. मग चार पिंपं पॅसेजमध्ये जातात. तुम्ही सुरक्षा अधिकारी नेमता, ऑडिट करवता, भिंतीवर धोरण टांगता. पण ज्या माणसाच्या सहीने माल आत येतो त्याला तो परत पाठवायचा लेखी अधिकार द्या. एका पानाचं पत्र पुरे : जागा नसेल, शेजार जुळत नसेल, लेबल किंवा एसडीएस नसेल, तर स्टोअर माल उतरवून घेणार नाही, आणि हा निर्णय खरेदी विभाग बदलू शकणार नाही. त्यावर तुमची सही. ती प्रत त्याच पेटीत, यादीच्या बाजूला.

आगीच्या पुढच्या वर्षी मला असं पत्र मिळालं. तीन महिन्यांनी एक ट्रक आला, बारा कॅन पेरॉक्साइड, जागा पाचची. मी उतरवू दिले नाहीत. ड्रायव्हर सावलीत झोपला. खरेदीचे साहेब खाली येऊन सगळ्यांसमोर मोठ्याने बोलले, मी पेटीतलं पत्र काढून त्यांच्या हातात दिलं, त्यांनी ते दोनदा वाचलं. तीन तासांनी ट्रक सात कॅन घेऊन परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच साहेबांचा फोन आला. पुढची ऑर्डर टाकायच्या आधी त्यांना विचारायचं होतं, "तुमच्याकडे किती जागा शिल्लक आहे?"

कळावे,
आपला,
एक निवृत्त स्टोअरकीपर